बारा महिने हिरवी बाग

आमच्या बागेत बसायला जागा नव्हती. हे ऐकून कुणालाही हसू येईल, कारण वसाहतीतली माणसं वाट वाकडी करून आमची बाग बघायला यायची. पण जिच्यासाठी ती बाग केली, त्या बाईला तिथं टेकायला जागा मिळाली नाही, आणि ती उठून गेली ती गेलीच. त्याची चुटपुट मला अजून आहे.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आणि बाग केली ती ह्यांनी. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय आमच्या पिढीला नाही, घेतलं असेल ते उखाण्यापुरतं, तेव्हा इथंही 'हे'च राहू दे.

हे चाकणच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातले. वडील लहानपणीच गेले. आत्याबाईंनी चार वावरं आणि एक गाय यांवर ह्यांना वाढवलं आणि शिकवलं. माघ संपला की गावात हिरवं म्हणून डोळ्याला दिसायचं नाही, असं हे सांगायचे. एका दुष्काळात तर वैरण संपली तेव्हा आत्याबाईंनी दारातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून गाईला घातला. सगळं झाड उघडं केलं. गाय तरीही गेली. मग त्या उघड्या झाडाखाली बसून त्या रडल्या, आणि हे शेजारी उभे होते. मला वाटतं, ह्यांच्या मनातून ते झाड कधी गेलंच नाही. माझी आई माझ्या दारात येईल तेव्हा तिला एकसुद्धा उघडं झाड दिसता कामा नये, असं हे लग्न झाल्यापासून म्हणत आले.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला आणि ह्यांना तिथं नोकरी लागली. राहायला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं अंगण. अंगण म्हणजे नुसता मुरूम. मी पुण्यातल्या पेठेत वाढलेली, गॅलरीतल्या डब्यातली तुळस एवढीच माझी शेती. मला तो मुरूम बघून धडकी भरली. हे मात्र खूश होते. दुसऱ्या दिवसापासून पहार घेऊन खड्डे खणायला लागले.

पाऊस सुरू झाला तसे आम्ही दोघं लोकलनं पुण्याला एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्यानं साधा प्रश्न विचारला, फूल हवं, फळ हवं की सावली हवी? मला त्याचं तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं, त्या एका प्रश्नाचं उत्तर नीट दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. हे म्हणाले, "पान गळता कामा नये. बारा महिने हिरवं पाहिजे."

मग काय, त्याला हवंच होतं. त्यानं एकेक परदेशी झाड दाखवायला सुरुवात केली. उंच सरळ वाढणारा सिल्व्हर ओक. हाताच्या पंजासारखी चपटी पानं उभी धरणारी मोरपंखी. मजल्यावर मजला चढवल्यासारखं ख्रिसमसचं झाड. लाल-पिवळ्या ठिपक्यांचे क्रोटन. कुंपणाला ड्युरांटा. कारखान्यात आलेल्या गोऱ्या तज्ज्ञांच्या बंगल्यांपुढं अशी झाडं ह्यांनी पाहिली होती, त्यामुळं हे नावं घेऊन मागत होते. मी म्हटलं, अहो, एक आंबा घ्या, आंबा काय बोडका होतो का? तोही बारा महिने हिरवाच असतो. तर म्हणाले, आंबा काय कुणाच्याही दारात असतो.

तिथं मला कळलं की बाग नुसती आईसाठी नाही, थोडी वसाहतीसाठीसुद्धा आहे. पण माणसाला हौस असावी. जन्मभर उघडंबोडकं पाहिलेल्या माणसानं थोडा थाट केला तर त्यात काय बिघडलं, असं मनाशी म्हणून मी आंब्याचा विषय सोडला. रोपं पोत्यात गुंडाळून लोकलच्या दारापाशी ठेवली आणि पिंपरीपर्यंत हे त्यांना धरून उभे राहिले.

नंतर तीन उन्हाळे ह्यांनी त्या झाडांची जी सेवा केली, तिला तोड नाही. आंघोळीचं पाणी झाडांना, भांड्यांचं पाणी झाडांना, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना. शिफ्टवरून आले की चहाच्या आधी बाग. क्रोटनची पानं ओल्या फडक्यानं पुसायचे. माझ्या पाठीवरून कधी एवढ्या मायेनं हात फिरवला असेल तर शपथ. मी टोमणा मारला की हसायचे आणि पुढचं पान पुसायला घ्यायचे. बाग मात्र खरंच देखणी झाली. सिल्व्हर ओक छपराच्या वर गेले, मोरपंखी ओळीनं उभ्या राहिल्या. वैशाखात आजूबाजूचा माळ करपून जायचा आणि आमचं अंगण तेवढं हिरवं दिसायचं.

आता आई येऊ दे, असं ह्यांचं सुरू झालं. आत्याबाई गावात एकट्याच होत्या. गुडघे गेले होते, आणि एकदा पाणी आणताना विहिरीच्या वाटेवर चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांना आता कायमचं आणायचं, गावी एकटं ठेवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मलाही त्या हव्या होत्या. कारण साधं होतं, त्या मला आवडायच्या. माझ्या पुणेरी बोलण्याची त्या नक्कल करायच्या आणि आपणच पदर तोंडाला लावून हसायच्या.

फाल्गुनात त्या आल्या. ह्यांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, आधी बाग दाखवायला नेलं. आत्याबाई प्रत्येक झाडापाशी थांबल्या, पानाला हात लावला, वास घेऊन पाहिला. ह्याला काय येतं, म्हणून विचारलं. हे म्हणाले, काही येत नाही. मग पाला जनावर खातं का? नाही. देवाला चालतं का? हे जरा घुटमळले आणि म्हणाले, आई, हे शोभेचं आहे, ह्याचं पान कधी गळत नाही. त्यांनी मान वर करून सिल्व्हर ओककडं पाहिलं आणि बरं म्हणाल्या. लेकाचं कौतुक म्हणून त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. हे दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आत्याबाई हुलगे निवडायला घेऊन अंगणात गेल्या. घरात बसून काम करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गोणपाट अंथरलं आणि बसल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर उठून गोणपाट सरकवत होत्या. सिल्व्हर ओकची सावली पडायची काठीएवढी, ती सरकली की आत्याबाईंना सरकावं लागायचं. मोरपंखीची सावली तिच्या बुडाशीच संपायची. ख्रिसमसच्या झाडाखाली शिरायला जागाच नव्हती. असं करत करत त्या कुंपणापर्यंत गेल्या आणि शेवटी हुलगे तसेच घेऊन आत आल्या. रोज हेच चाललं. मी म्हटलं, आत्याबाई, आत पंख्याखाली बसा की. त्या म्हणाल्या, पंख्याखाली बसलं की माणूस जाता-येता दिसत न्हाई.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या गावच्या दारात तो लिंब होता. दुष्काळात ओरबाडलेला लिंब पुन्हा फुटला होता आणि चांगला डेरेदार झाला होता. त्याच्याखाली एक सपाट दगड होता, त्यावर आत्याबाई बसायच्या. वाटेनं जाणारी बाई टेकायची, दोन गोष्टी सांगायची, जायची. आमच्या बागेकडं लोक बघायचे फाटकातून आणि पुढं चालायला लागायचे. बसतील कुठं? झाडं होती, पण टेकायला सावली नव्हती, आणि सावली नाही तिथं माणूस थांबत नाही.

आत्याबाई पडल्या मुलखाच्या हुशार. त्यांनी स्वतःच वाट काढली. क्वार्टरांच्या मागं, जिथं नवीन इमारतींचं बांधकाम सुरू होतं, तिथं जुन्या शेताच्या बांधावरची एक चिंच शिल्लक होती. दुपारच्या सुट्टीत बांधकामावरच्या बिगारी बायका तिथं भाकरी खायला बसायच्या. आत्याबाई तिथं जायला लागल्या. हुलगे तिथं निवडून व्हायचे, बायकांची दुखणीखुपणी ऐकून व्हायची. एकदा मलाही ओढून नेलं. कुणीतरी फुटाणे काढले, कुणीतरी आपल्या सासूचं सोंग केलं, आणि आत्याबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की चिंचेवरचे कावळे उडाले. आमच्या घरी त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. घरी येताना मी मनाशी म्हटलं, चला, आता राहतात ह्या.

पण कुठलं आलंय! कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या बाईंनी त्यांना तिथं पाहिलं. वसाहतीच्या हळदीकुंकवात मला म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंना घरात करमत नाही वाटतं, बिगारणींत जाऊन बसतात. बोलण्यात विष नव्हतं, पण चार बायकांनी ऐकलं, आणि कुणाच्या तरी नवऱ्याकडून ते ह्यांच्या कानावर गेलं. हे घरी आले ते तोंड पाडूनच. आईला म्हणाले, आपल्या दारात एवढी बाग असताना तू दुसरीकडं जाऊन का बसतेस? उद्यापासून जायचं नाही.

मी त्या दिवशी ह्यांच्याशी भांडले. स्पष्ट सांगितलं, तुमच्या बागेत मांजर बसायला धजत नाही, आणि म्हातारीनं कुठं बसायचं? हे म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना काय, लोक बाग बघून निघून जातात. आत्याबाई मात्र मलाच दटावून गेल्या, नवऱ्याला असं बोलू नये म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या चिंचेखाली गेल्या नाहीत. लेकाचा शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. दुपारभर पंख्याखाली भिंतीला टेकून बसायच्या. हुलगे निवडायचे संपले होते, तरी सूप मांडीवर असायचं.

वैशाखात एका सकाळी त्यांनी गाठोडं बांधलं. ह्यांचा चेहरा उतरला. मी इतकं केलं, काय कमी पडलं तुला, असं हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आत्याबाईंनी गाठोड्याची गाठ मारली, मग बाहेर बागेकडं पाहिलं.

"कमी काय न्हाई रं बाळा. समदं हिरवं हाय. पर मी बसू कुठं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हे भांडले असते आणि भांडून त्यांना ठेवूनही घेतलं असतं. ह्यांनी चपला पायात सरकवल्या. एस.टी.पर्यंत गाठोडं घेऊन गेले आणि परत येऊन पायरीवर बसून राहिले. मी पोहे दिले ते तसेच गार झाले.

दिवाळीनंतर परत येते म्हणाल्या होत्या, पण आल्या नाहीत. गुडघ्यांचं निमित्त झालं, मग पेरणीचं, मग अजून कशाचं. हे दर महिन्याला गावी जायचे, चल म्हणायचे, आणि त्या लिंबाखालून उठायच्या नाहीत. त्याच्या पुढच्या चैत्रात त्या गेल्या. आजारपण असं काही झालं नाही. त्या दुपारी दगडावर बसल्या होत्या, तिथंच कलंडल्या. शेजारच्या बायका जवळ होत्या, तेवढं बरं. आमच्या घरी एकट्या पंख्याखाली गेल्या असत्या तर मला जास्त लागलं असतं.

दहावा-तेरावा झाला. भेटायला येणारी माणसं लिंबाखालीच बसायची. लिंबाला नवी पालवी आणि मोहर होता, सावली अंगणभर पसरलेली. हे आलेल्यांत बसून वर लिंबाकडं बघत असायचे. तेराव्या दिवसानंतर निघताना ह्यांनी गड्यांना बोलावून तो सपाट दगड उचलायला लावला. मी म्हटलं, अहो, हा कुठं नेताय? हे गड्यांच्या मागोमाग चालायला लागले. चाकणच्या बाजारातून बटाटे घेऊन पुण्याकडं निघालेल्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून तो दगड पिंपरीला आणला. लिंबाच्या बुडाशी उगवलेलं एक रोपही ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं.

बागेच्या मधोमध दोन मोरपंखी होत्या. ह्यांनी स्वतःच्या हातानं त्या काढल्या आणि तिथं लिंबाचं रोप लावलं. शेजारचे विचारायला आले की एवढी छान ओळ का मोडली. मीच सांगितलं, आम्हाला जरा सावली हवी आहे. रोप तेव्हा माझ्या गुडघ्याएवढं होतं आणि त्याला मोजून पाच-सहा पानं होती. त्याला लागूनच ह्यांनी दगड बसवला.

त्या उन्हाळ्यात शिफ्ट संपवून हे दुपारी घरी आले की त्या दगडावर जाऊन बसायचे. डोक्यावर ऊन, शेजारी ते काडीएवढं रोप. आजूबाजूला सगळी बाग हिरवीगार. मी दारातून हाक मारायची, अहो, आत या, ऊन लागेल. हे तिथूनच म्हणायचे, "बसू दे जरा." आणि दगडाच्या एका कडेला सरकून बसायचे, दुसऱ्या माणसापुरती जागा ठेवून.