अब्बांचा नवसागर

माझे अब्बा निलंग्यात भांड्यांना कल्हई करतात. भांडं तापवायचं, नवसागर टाकून चोळायचं, मग कथील फिरवायचं. स्टीलच्या जमान्यातही हॉटेलवाल्यांची पातेली आणि लग्नाचे हंडे येतातच. मी तेव्हा नांदेडला एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होते, आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं की "मेटलचा बिझनेस" म्हणून सांगायचे. खोटं थोडंच होतं!

माझा विषय होता पेशीच्या आतला आंबटपणा. पेशीत गॉल्जी नावाचा भाग असतो. तिथं प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढतात, आणि त्यासाठी तिथं ठरावीक आम्लता लागते. ती घटली की साखळ्या अर्धवट राहतात.

अब्बांनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हंजे साखर चढवायला आंबट लागतं? उलटंच हाय की तुमचं. अन् तू काय करून राहिलीस?"

"मी तो आंबटपणा मुद्दाम घालवते."

"चांगलं चाललेलं बिघडवायचं, अन् त्याची डिग्री देतेत? वा गं!"

बिघडवायला लागत होतं अमोनियम क्लोराइड. एक बाटली मागवली, तर मागणीचा कागद सह्यांसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसला. महिने गेले. वैतागून मी फोनवर रडगाणं गायलं, तर अब्बा म्हणाले, "आमच्या नवसागराच्या पोत्यावर तेच लिवलेलं हाय की!" या अल्ला! ज्याच्या धुरात खोकत मी लहानाची मोठी झाले, तेच मी अर्ज करून मागत होते.

अब्बांनी पोतं उपसून पांढरेशुभ्र खडे निवडले, धुतलेल्या फडक्यात बांधले आणि एसटीनं स्वतः घेऊन आले. मी ते विरघळवले, गाळले, पुन्हा खडे पाडून घेतले. प्रयोग असा झाला की आमच्या गाइड सरांनी पहिल्यांदाच "छान" म्हटलं. बाटली आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. प्रबंधात मात्र मी बाटलीवरच्या कंपनीचंच नाव घातलं. कल्हईवाल्याचा नवसागर लिहायचा म्हणजे हसंच करून घ्यायचं, असं मला वाटलं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. घरची माणसं नटूनथटून येतात, नंतर समोसे असतात. अब्बा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. सगळं इंग्रजीत. त्यातला एकच शब्द त्यांच्या ओळखीचा होता, आणि ते त्याचीच वाट बघत होते.

बाहेरगावच्या परीक्षकांनी तो काढलाच. अमोनियम क्लोराइड कुठून घेतलं? अब्बा खुर्चीत सरसावून बसले. मी न अडखळता कंपनीचं नाव सांगितलं. आपलं नाव घेतलं नाही, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

शेवटी श्रोत्यांना "काही प्रश्न?" असं विचारायची रीत असते. कुणी काही विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष समोशांकडं असतं. अब्बांनी हात वर केला. ते खरं बोलले असते तर डिग्री तिथंच अडकली असती.

ते उठले आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, त्यो कंपनीचा माल चांगला निघाला का?"

"हो," मी म्हटलं. "चांगला होता."

"मग झालं," म्हणून ते बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सरांना तर भरून आलं.

आता मी लातूरला शिकवते. कुठली वस्तू कुठून आणली ते खरं लिहा, असं पोरांना बजावते, आणि दर वेळी मला स्वतःची लाज वाटते. अब्बांनी त्या दिवसापासून मला नावानं हाक मारलेली नाही. मॅडम म्हणतात. लोकांना वाटतं, बापाला लेकीचं केवढं कौतुक!