परच्यावरचा नंबर

मंडळी, पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीत आमच्या सुनीताताई हरल्या, तेव्हापासून मी भाजीच्या हाटात गेले नव्हते. प्रचाराच्या परच्यावर, म्हणजे पत्रकावर, संपर्काचा नंबर माझाच छापला होता ना. महिनाभर सतत वाजणारा फोन निकालाच्या संध्याकाळी गप्प झाला. खरं सांगते, त्या आवाजाची फार आठवण येते. पोळ्या लाटताना उगाच वाटतं, वाजला.

आज घरात भाजी संपलीच, म्हणून गेले. मेथीवाल्या कमलाबाईंना टाळून मागच्या रांगेतून सटकत होते, पण त्यांनी हाक मारलीच. "दीदी, छुप काहे रही हो?"

मी म्हटलं, "हम तो हार गए."

त्यांनी पोत्याखालून आमचा चुरगळलेला परचा काढला. "वो तो पता है. ये नंबर चालू है कि बंद?"

"चालू है."

"तो हाट में टॉयलेट का कुछ करो. हम औरतें आज भी सुबह से पानी नहीं पीतीं."

परच्यावर ते आश्वासन मीच लिहिलं होतं.

सोमवारी अर्ज घेऊन नगर निगममध्ये जातेय. माझ्यासोबत प्रचारात दारोदार फिरलेल्यांनो, कुठे आहात? नंबर तोच आहे. वाजायची वाट बघतेय.