प्रिंट आणू नये

मेश्राम मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुधवार पेठेत रिमोटचे सेल घेत होतो. "अहो गोखले, सुनंदा गेली," त्यांचे यजमान एवढंच म्हणाले. मी पैसे दिले, सेल दुकानातच विसरलो... आणि तसाच नारायण पेठेतल्या घरी आलो.

जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या कार्यालयात त्या माझ्या साहेब, मी त्यांचा मुख्य लिपिक. त्या विश्रांतवाडीहून वेळेआधी पोचायच्या, मी चालत येऊन उशिरा. त्यावर कधी बोलल्या नाहीत. घड्याळाकडे बघून "चहा घेणार?" एवढंच विचारायच्या. तेवढं पुरायचं.

मग कार्यालयात नवे संगणक आले, सर्व्हरला थंडगार खोली मिळाली, नारळ फुटला. लोकांनी आता घरूनच अर्ज करायचा होता. आणि आम्ही काय केलं? त्या अर्जाची प्रिंट काढून, सही करून खिडकीवर आणून द्या, असा नियम केला. फायलीला कागद नको का! रांग होती तेवढीच राहिली, भरभराट झाली ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची.

"एवढा खर्च करून आपण लोकांचा एक हेलपाटा वाचवला नाही," मॅडम एकदा म्हणाल्या. "प्रिंट बंद करू या."

"तपासणीत कागद सापडला नाही तर आक्षेप तुमच्यावर निघेल. बढती तोंडावर आलीये, कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं. आमच्या पेठेत सल्ला मागावा लागत नाही.

"माझ्या दाखल्यासाठी आई मजुरी बुडवून कचेरीत खेपा घालायची, गोखले. तेव्हा संगणक नव्हता, हे निमित्त तरी होतं."

त्यांनी प्रिंट बंद केलीच. खिडकीवर लावायच्या पाटीच्या मजकुराला मात्र मलाच बोलावलं. 'प्रिंट आणू नये. आणल्यास घेतली जाणार नाही. कोणी मागितल्यास त्याचे नाव साहेबांना सांगावे.' खाली त्यांची सही.

आक्षेप निघालाच. बढती रखडली, ती थेट निवृत्तीच्या उंबरठ्यावर मिळाली. वरून खुलासे मागवले जायचे, त्या उत्तरं सांगायच्या, मी टाइप करायचो. संगणकावर मराठी टाइप करायला मला त्यांनीच शिकवलं, शेजारी खुर्ची ओढून, न चिडता. हा लेखही मीच टाइप करतोय. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो. पुढे प्रिंट न घेण्याचा आदेश वरूनच निघाला. त्यात मॅडमचं नाव कुठंच नव्हतं. मला फार राग आला होता, त्यांना हसू आलं.

मागच्या आठवड्यात यजमानांनी विचारलं, सुनंदाच्या दाखल्यासाठी सोबत याल का? मी चपला घालतोय तोच पुन्हा फोन. "अहो, राहू द्या. दाखला मोबाइलवरच आला..."

तरी मी गेलोच. व्हरांड्यात लोकांसाठी एक लांबलचक बाक आहे. ऐन कामाची वेळ, आणि बाकावर कुणीही नव्हतं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, काही काम होतं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्या रिकाम्या बाकावर जरा वेळ बसलो.