खिळ्याला टांगलेला पान्हा

आप्पा गेल्याची बातमी मला आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, टाकी धुण्याच्या सूचनेखाली. 'उद्या सकाळी टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा,' अशी सूचना, तिच्याखाली 'आपले भिकनआप्पा आज सकाळी वारले', आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेच्या मधेच तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'आता आमच्या मजल्याचा नळ कोण बघणार?' मी कडोदऱ्याच्या ज्या शाळेत शिकवते तिथे मधली सुट्टी चालू होती. माझ्या हातात डबा होता आणि अंगात आग. 'माणूस अजून घरातून बाहेर काढला नाही आणि तुम्हाला नळाची पडली आहे?' एवढं मी टाइपसुद्धा केलं... आणि पुसून टाकलं. एक तर आप्पांनी स्वतः हाच प्रश्न विचारला असता. आणि दुसरं म्हणजे, तिसऱ्या मजल्याचा तो नळ बिघडला होता तो माझ्यामुळे.

हे दुसरं कारण मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आप्पांना जाऊन आता सव्वा महिना होईल, आणि ते न लिहिता त्यांच्याबद्दल दुसरं काही लिहिणं मला जमत नाही.

पर्वत पाटियाच्या आतल्या बाजूला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग आहे. एकेका खोलीत एकेक घर, आणि प्रत्येक मजल्याच्या टोकाला कपडे-भांडी धुवायला एक सामाईक चोकडी, म्हणजे नळांची उघडी मोरी. बहुतेक घरं खानदेशातून आलेली. कुणी लूमच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये. भिकनआप्पा तळमजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ते कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर होते. वाफेचे आणि पाण्याचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, सांभाळायचे. माझे बाबा लूमवर, आणि लूम सुटला की कामगारांच्या मागण्यांच्या पत्रकांवर. मी अक्षरशः पत्रकांवर वाढले. आमच्या घरात फडताळाच्या तळाला पत्रकं, डब्याखाली पत्रकं, माझ्या पहिल्या वहीचे कोरे कागद म्हणजे पत्रकांच्या पाठी. आप्पा आणि बाबा एकाच गावचे, एकाच विहारात जाणारे, आणि रोज संध्याकाळी ओट्यावर भांडणारे. बाबा म्हणायचे, "भिकन, तुझ्या नळानं क्रांती होणार नाही." त्यावर आप्पा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "व्हवाव नही. पन क्रांती व्हई त्या दिन बी हात धोवाले पानी लागी."

आप्पांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा चकाकता डाग होता. त्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. मिलमध्ये वाफेचा एक नवा वॉल बसवला होता, बाहेरून बंदिस्त, उघडायला ना नट ना बोल्ट. तो गळायला लागल्यावर आप्पांनी साहेबांना सांगितलं, आणि साहेब म्हणाले की हात लावू नकोस, वॉलच्या कंपनीचा माणूस येऊन बघेल. कंपनीचा माणूस यायच्या आत वॉल सुटला. "दोन आट्यांचं काम होतं," आप्पा म्हणाले, "पण आत जायला दारच ठेवलं नव्हतं." एवढंच. मी ऐकताना मुठी आवळल्या होत्या, मला दोष द्यायला या गोष्टीतला साहेब हवा होता, कंपनी हवी होती. आप्पा मात्र वॉलबद्दलच बोलत राहिले.

मिलची नोकरी सुटल्यावर त्यांनी आपल्या खोलीबाहेर एक लाकडी बाक टाकला, त्याला धातू घट्ट पकडून ठेवणारा शेगडा बसवला, आणि नळ बनवायला घेतला. बिल्डिंगच्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि बारीक रेती. त्या पाण्यात नळ वर्षभर टिकत नसत. आप्पा प्रत्येक मेलेला नळ मागून आणायचे आणि तो कशानं मेला ते उघडून बघायचे. त्यांना दिसलं ते असं: आतलं रबरी वायसर झिजलं तरी माणूस ते बदलत नाही, नळ आणखी जोरात पिळतो; मग धातूवर धातू घासतो, ज्या बैठकीवर वायसर टेकतं ती बैठकच खराब होते, आणि सगळा नळ भंगारात. म्हणून त्यांनी बैठक वेगळी केली, आट्यांवर फिरवून काढता येईल अशी पितळेची कडी. नळाच्या वर प्रत्येकी एक छोटा वॉल दिला, म्हणजे एक नळ दुरुस्त करायला सगळ्या बिल्डिंगचं पाणी तोडायला नको. वायसर असं, की जुन्या ट्यूबमधून कात्रीनं कापता येईल. आणि मूठ मुद्दाम बुटकी, कारण लांब मूठ हातात आली की माणसाला जोर करायचा मोह होतो. लहानपणी मी एकदा दोन्ही हातांनी नळ बंद करत होते तेव्हा मागून आवाज आला, "पोर, इतला घट्ट काबर पिळस? नळ शे, कोनी मान नही."

साचा त्यांनी सागवानाचा कोरला, उधन्याच्या एका ओताऱ्याकडून पितळ ओतून आणलं, आणि हळूहळू तिन्ही मजल्यांच्या चोकडीत ते नळ बसले. प्रत्येक चोकडीत भिंतीला एक खिळा. खिळ्याला तारेनं बांधलेला पान्हा, शेजारी वायसरांचा पत्र्याचा डबा. आणि मग सुरू झाली आमच्या बिल्डिंगची रीत. नवा भाडेकरू आला, किंवा कुणाच्या घरी सून आली, की आप्पा त्यांना चहाला बोलवायचे, आणि चहा झाला की चोकडीत नेऊन पान्हा हातात द्यायचे. वरचा वॉल बंद कर, नट सोड, वायसर काढ, नवं घाल, परत बसव. स्वतः मागे हात बांधून उभे राहायचे. बाई संकोचली तर पुरुषाला मधे येऊ द्यायचे नाहीत. "पाणी कोण भरतं घरात? मग नळ कोण उघडेल?" सगळा मजला दारात उभा राहून बघायचा आणि चिडवायचा. माझी वहिनी आली तेव्हा तिनं थेट नटच सोडला, फवारा आप्पांच्या टोपीवर, आणि आप्पा म्हणाले, "वरचा वॉल बंद करायचा असतो हे आता ही जन्मात विसरणार नाही."

मी कॉलेज संपवून आले ती बाबांची पत्रकं आणि माझी स्वतःची आग घेऊन. रस्त्यापलीकडे आमच्याच मालकाची दुसरी बिल्डिंग उभी राहिली होती, कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी. तिथे चकचकीत नळ, आणि आमच्याकडे काळवंडलेलं पितळ. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, 'त्यांना नवे नळ, आम्हाला भंगार का?' आत लिहिलं की मालकानं आपली जबाबदारी एका म्हाताऱ्या कामगाराच्या फुकट श्रमांवर ढकलली आहे. ते खरं होतं, आजही मी त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही. पत्रक दारोदार वाटलं, आप्पांच्या दाराखालूनही एक सरकवलं. सगळी बिल्डिंग मालकाच्या ऑफिसवर गेली. आणि आम्ही जिंकलो.

पुढच्या आठवड्यात प्लंबर आला. आप्पांचे सगळे नळ आणि त्यांच्यावरचे छोटे वॉल गोणीत गेले, मालकाचा माणूस ती गोणी खांद्यावर टाकून घेऊन गेला. चोकडीत नवे नळ झळकले, लांब मुठीचे, पाव वळणात उघडणारे. बायकांनी त्यांत आरशात पाहावीत तशी तोंडं पाहून घेतली. आप्पा जिन्यानं सावकाश वर आले, नळाला बोटं लावून पाहिली आणि प्लंबरला विचारलं, "भाई, याचं वायसर कुठून बदलायचं?"

"काका, आमां वायसर ज नथी आवतुं," प्लंबर हसून त्याच्या गुजरातीत म्हणाला. "बगडे तो आखो बदली नाखवानो."

वायसरच नाही, बिघडला की सगळा बदलायचा. आप्पांनी मान हलवली आणि खाली गेले. मी त्यांच्या मागे गेले. माझ्या मनात होतं की ते रागावतील, आणि रागावले तर मी वाद घालीन, वाद घालायला मला येतं. ते बाकावर बसले, माझं पत्रक त्यांच्या खिशात चौपदरी घडी करून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, "तू लिखं ते खोटं नही. मालकनीच कराले पाहिजे व्हतं." मग त्यांनी पत्रकाची घडी उलगडली. "पन काय मागनं, हाई तू कोनले इचारं?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. जुनं म्हणजे अन्याय आणि नवं म्हणजे हक्क, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं, आणि तपासायची गरज मला वाटली नव्हती. चोकडी माझ्या दारापासून पंधरा पावलांवर होती. मी नळाविषयी लिहिलं आणि नळ उघडून पाहिला नाही.

रेतीनं आपलं काम केलं. पहिल्या उन्हाळ्यातच एकेक नळ ठिबकायला लागला. उघडायला गेलं तर आतला भाग त्याच कंपनीचा लागतो, आणि कंपनीनं तोवर आकार बदललेला. मालक म्हणाला, "नवे मागितले, नवे दिले." दुपारपर्यंत टाकी रिकामी व्हायची, आणि सगळ्यात आधी तिसरा मजला कोरडा पडायचा. बायका तळमजल्यावरून बादल्या चढवायला लागल्या, त्यांत माझी आई. चोकडीतले पान्हे मात्र खिळ्यांना तसेच टांगलेले होते, आणि त्यांना बसेल असा एकही नट भिंतीवर उरला नव्हता. रोज दात घासताना मी त्या पान्ह्याकडे पाठ करून उभी राहायची.

आप्पांचा एकच नळ वाचला होता, त्यांच्या स्वतःच्या मोरीतला. लाकडी साचा पावसाळ्यात फुगून फुटला होता आणि त्यांचा हात आता कापायचा. त्या नळावरूनच थेट साचा घेऊन ओतला तर पितळ निवताना आकसतं, आटे जुळत नाहीत, म्हणून ते त्या नळाची मापं पुन्हा काढून थोडा मोठा साचा कोरत होते. दिवसाला नखाएवढं काम. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावलं. मथाकाकू, त्यांच्या पत्नी, मला दारातच म्हणाल्या, "जा, तुझ्यासाठी कागद घेऊन बसलेत." आप्पांना पत्रक हवं होतं. नळ कसा दुरुस्त करायचा याचं.

मी लिहिलं, 'कामगार बंधू-भगिनींनो'. आप्पांनी ते वाचायला लावलं आणि म्हणाले, "नळाला भाषण नको." ते खोडलं. मग मी पायऱ्या लिहिल्या. त्यांनी माझ्या आईला बोलावलं, जिला अक्षरं जुळवत वाचावं लागतं, तिच्या एका हातात कागद दिला, दुसऱ्या हातात पान्हा, आणि मला, आणि स्वतःलाही, गप्प बसायची ताकीद दिली. आई 'बैठक तपासा' पाशी थांबली. "बैठक कशी असते ते कुठे लिहिलंय?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते पुन्हा लिहिलं. पुढच्या रविवारी आई दुसरीकडे अडली. मी पुन्हा लिहिलं. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी तिनं कुठेही न थांबता नळ उघडला, वायसर घातलं, बसवला, आणि पाणी सोडून म्हणाली, "एवढंच?" आप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या पत्रकात एकही उद्गारचिन्ह नाही. माझ्या हातून इतकं नीट आजवर दुसरं काही लिहून झालेलं नाही.

त्या दिवशी निघताना मी म्हणाले, "आप्पा, ते नळ माझ्यामुळे..." त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "साचा झाला की पहिला नळ तिसऱ्या मजल्यावर," एवढंच म्हणाले आणि कानस उचलली. साचा झाला नाही. तो बाकावर राहिला, एका बाजूनं गुळगुळीत, एका बाजूनं अजून पेन्सिलीच्या रेघा असलेला.

आप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मथाकाकूंनी मला मोरीत नेलं. "हा काढ," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, काकू, तुमच्याकडे हा एकच आहे. "म्हणून तर काढ. मला खालच्या टाकीचं पाणी मिळतं, वरच्यांना मिळत नाही. त्यांनी पहिला कुठे सांगितला होता?" मी बिल्डिंगचं पाणी बंद केलं, नळ आणि त्याच्यावरचा छोटा वॉल दोन्ही काढले, उघड्या पाइपला बूच मारलं आणि ते तिसऱ्या मजल्यावर नेले. सगळा मजला दारात उभा होता. आईनं कागद धरला नाही, मीही नाही. चकचकीत नळ काढून मी गोणीत टाकला, त्या जागी आधी छोटा वॉल बसवला, मग आप्पांचा नळ, आणि खिळ्यावरचा पान्हा काढून नटाला लावला. तो बसला... मी गरजेपेक्षा जास्त पिळायला लागले आणि मागून कुणीच काही बोललं नाही. मी स्वतःच थांबले.

साचा आता माझ्याकडे आहे. रेघा त्यांच्या आहेत, कोरायला मी उधन्याच्या ओताऱ्याकडे रविवारी जाते, तो शिकवतो आणि शिव्या देतो. अजून पाच नळ व्हायचे आहेत. पण परवा ग्रुपवर तो जुना मेसेज शोधला, टाकीच्या सूचनेखालचा. 'आता आमच्या मजल्याचा नळ कोण बघणार?' त्याच्याखाली कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. मी दिलं.

'पान्हा खिळ्याला टांगला आहे.'