फडावरून परत येताना

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतला शाळेत शिकवून नुकताच घरी पोचलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या." खालापूरला गेलो तर अंगणात आदिवासीवाडीवरची पन्नासेक माणसं बसलेली, आणि त्यांतली जानकी मोठ्यानं रडत होती…

दादा टेंपो चालवायचा. दिवाळीनंतर वाडीतली माणसं ऊसतोडीला घाटावर जायची. त्यांना तो सोडायचा आणि हंगाम संपला की आणायचा. एका वर्षी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेलो. उसाच्या फडावर पोचलो तर मुकादम माणसांना सोडेना. अजून एक फड तोडायचा राहिलाय, म्हणाला. जानकीनं आपलं बोचकं टेंपोत टाकलं. मुकादमानं तिला केस धरून खाली पाडलं आणि कोयत्याच्या पाठीनं हाणायला लागला. पाठीवर, खांद्यावर, मग तोंडावर.

दादा जॅकचा दांडा घेऊन उतरला. "बाजूला हो. यांना घरी न्यायचंय." मुकादम हसला. दादानं दांडा त्याच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला केबिनमध्ये ऐकू आला. हो, मी केबिनमध्येच होतो. मुकादमाच्या दोघा माणसांनी दादाला पाडून त्याच्या डाव्या गुडघ्यावर पहार घातली. एकदा, दोनदा… मी दाराची कडी आतून घट्ट धरून बसलो होतो. शेवटी वाडीची माणसं कोयते घेऊन पुढं झाली, तेव्हा ते दोघं मागं सरले.

मोडल्या पायानं क्लच दाबता येईना. मला गाडी चालवता येत नव्हती. जानकी दादाच्या पायाशी येऊन बसली. तिच्या ओठातून रक्त गळत होतं.

"मी बोललो की दाबायचं गं."

"दोनी हातांनी दाबू?"

"दाब."

असा आम्ही बोरघाट उतरलो. दादा ओरडला नाही. कळ आली की डोळे मिटायचा, आणि मी म्हणायचो, उघड दादा, उघड.

तो डावा पाय पुन्हा सरळ झाला नाही, त्यावर भार देता येईना. तू खाली का नाही उतरलास, असं कधीतरी दादा मला विचारेल, असं वाटायचं. त्यानं विचारलं नाही. उलट लोकांना सांगायचा, "भाऊ संगती व्हता म्हनून आलो रं." ते ऐकलं की मी उठून आत जायचो. खरं काय ते जानकीला माहीत होतं. तीही कधी बोलली नाही.

दारात दादाच्या चपला अजून आहेत. उजवी टाचेशी झिजून पातळ झालीय. डावी बघून वाटतं, कालच घेतली. वहिनी रोज त्या उचलतात, खालची फरशी पुसतात आणि पुन्हा तिथंच ठेवतात.