दोरीवरची तांबडी

लिंबायतच्या हर्षदानं गुजराती सेठच्या घाऊक साड्यांच्या दुकानाची वेबसाइट बांधली खरी, पण फोटो दगा देत. एखादी डिझाइन संपली की दुकानातली माणसं फोटो उडवून मोकळी, आणि शिरपूरकडच्या दुकानदारांना रेंजचीच बोंब. साडीच्या जागी फाटक्या चित्राचं चिन्ह दिसे. सेठ करवादे, "आ दुकान छे के भंगार?" नवी नोकरी, हातची जायची.

मग तिनं स्क्रिप्ट लिहिली. फोटो आला नाही की ब्राउझर एरर कळवतो; ती पकडायची आणि तिथं बदलीचा फोटो ठेवायचा. बदलीचाही फसला तर स्क्रिप्ट घाण्याच्या बैलासारखी फिरत राहील, म्हणून एकदाच प्रयत्न. फोटो कुठला? घरासमोर दोरीवर आईची, पुष्पाबाईची, तांबडी साडी वाळत होती. तीच टिपली, बारीक करून पानातच भरली, म्हणजे वेगळी उतरवायला नको.

आठवडाभरात शिरपूरहून एका दुकानदाराचा फोन आला. "सेठ, ती तांबडी पाठवा. सगळीकडं तीच दिसते, म्हंजे जोरात चालतेय!"

रेंज रडतखडत असली की त्या दुकानदाराला पानभर तीच साडी दिसत होती. आणि बाजारात जे थप्पीनं दिसतं तेच खपतं, हे त्याला पक्कं ठाऊक. मागोमाग आणखी चौघांनी तीच मागितली.

साडी हर्षदाच्या घरचीच आहे हे कळताच सेठची कळी खुलली. "बेन, काले ए साडी लई आवजे. सेम्पल काढू, मालच माल!"

उद्या साडी सेठकडं न्यायची, हा विषय हर्षदानं घरी भीत भीत काढला. पुष्पाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मनी मायनी देयेल शे ती. मी देवाव नही."

"आई, मनी नोकरी जाई."

म्हातारीनं भाकरी तव्यावर टाकली. सकाळी मात्र तीच साडी नेसून लेकीसोबत मार्केटात दुकानावर आली आणि सेठच्या गादीसमोर उभी राहिली.

"हाई शे ती, सेठ. आंगवर शे. इकाले नही."

सेठनं पदराकडं पाहिलं, मग पांढऱ्या केसांकडं. नेसलेली साडी बाईकडं कशी मागायची? त्यानं चहा सांगितला आणि हर्षदावर खेकसला, "तो फोटो काढून टाक. दुसरं काहीतरी लाव."

तिनं बदलीला साधी राखाडी चौकट टाकली, आत एक ओळ: 'फोटो आला नाही. फोन करा.' नंबर मात्र सेठनं तिचाच द्यायला लावला. आता दिवसभर ती शिरपूरच्या दुकानदारांना काठ कसा, बुट्टी केवढी, ते तोंडी सांगत बसते.