चढत्या भावातला दवाखाना

इंजेक्शन भरायच्या आधी नर्सबाई फोनवर भाव बघू लागल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्यालाही ते खटकलं.

वस्तीतला सरकारी दवाखाना बंद पडला, तेव्हा नर्सबाईंच्या धाकट्या भावाने डोकं लढवलं. सरकारच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा आपलंच डिजिटल नाणं काढू. काही नाणी लोकांनी विकत घ्यायची, काही दवाखान्याच्या वाट्याला ठेवायची; ती खर्चाला लागतील तशी विकायची, आणि कधी विकायची ते नाणी घेतलेल्यांनी फोनवर मत देऊन ठरवायचं. लोकांना पटलं. नर्सबाईंचा पगारही नाण्यातच सुरू झाला.

भाव पडला, तेव्हा कापूससुद्धा जपून वापरावा लागला. ते नर्सबाईंनी निभावलं. टंचाई त्यांना नवी नव्हती. मग भाव चढू लागला, आणि त्याच आठवड्यात लशींचा फ्रिज बंद पडला. लशी बर्फाच्या डब्यात ठेवून त्यांनी भावाला फोन लावला.

"नवा फ्रिज लागेल. मत मागव."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "मत मागवलं, ताई. नाही म्हणाले."

"का? आता तर पैसे आहेत."

"म्हणूनच. आज विकलं आणि उद्या दुप्पट झालं, तर मला फाडून खातील. जरा थांब."

"लशी थांबतील का?"

त्याने फोन ठेवला.

नर्सबाईंचा पाय एका जागी ठरेना. डब्याचं तापमान बघ, फोनवरचा भाव बघ. दोन्ही चढत होते. पूर्वी निदान सरकारी साहेबाच्या टेबलावर हात आपटता यायचा. आता नाही म्हणणारे सगळे शेजारीच होते.

"मीही नाहीच म्हटलंय," जेवताना नवरा खाली मान घालून म्हणाला. "पोरीच्या शिक्षणाचं बघायला नको?"

त्या ताटावरून उठल्या. पगाराची साठवलेली नाणी विकली आणि दुसऱ्या दिवशी फ्रिज आणवला. भाव त्यानंतरही चढतच राहिला. नवरा रोज आकडा वाचून दाखवी. आपण पोरीच्या तोंडचा घास तर काढला नाही ना, असं दर वेळी नर्सबाईंच्या मनात येई.

शेवटी त्यांनी भावाला बोलावून सांगितलं, "तुमचा खेळ तुम्ही खेळा. दवाखान्यासाठी प्रत्येक घराने महिन्याला ठरावीक रोकड द्यायची, नाहीतर मी घरी बसते."

"अगं, हा तर करच झाला!"

"नाव काहीही ठेव."

निम्म्या घरांनी पैसे दिले. दवाखाना आता अर्धा दिवस उघडा असतो. पैसे न देणाऱ्या घरातलं पोर आलं, तरी नर्सबाई काही न विचारता त्याला लस टोचतात. बाकावर बसलेले पैसे देणारे ते बघत असतात, आणि त्यांच्यातलं कोणी तोंड उघडेल या धास्तीने नर्सबाई घाईघाईने पुढचं नाव पुकारतात.